अकराशे सदतीस

खंडेनवमीला यंत्राला हात लावायचा नाही, हे सहादूअण्णांच्या वर्कशॉपमध्ये कोणाला सांगावं लागत नसे. अण्णांचा उजवा पंजा बघितला की पुरे. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट चौऱ्याऐंशी सालच्या खंडेनवमीला लेथवर गेलं होतं. पूजा झाली होती, झेंडू वाहिला होता, आणि 'एवढा एकच जॉब काढून दे' असं मालक म्हणाला म्हणून अण्णांनी मशीन सुरू केलं होतं. पुढे त्यांनी ती नोकरी सोडली, सातपूरला स्वतःचं शेड घेतलं, तीन लेथ लावले. दर नवमीला सकाळी मशीनवर हळदकुंकू पडलं की मेन स्विच खाली, तो दसऱ्याची आपट्याची पानं वाटून झाल्यावर वर. मधे प्रत्यक्ष देव आला तरी अण्णा स्विचला हात लावू द्यायचे नाहीत.

आता लेथचं ठीक आहे हो. पण अण्णांच्या मुलाने, दिनेशने, त्याच वर्कशॉपच्या पोटमाळ्यावर चार कॉम्प्युटर मांडून वेबसाइटी बनवायचा धंदा काढला होता, आणि मेन स्विच एकच होता.

वाल्मीक हा त्या पोटमाळ्यावरचा मुख्य माणूस. मुख्य म्हणजे काय, माणसं दोनच, आणि दुसरा सारखा रजेवर. वाल्मीक सायखेड्याचा. थोरल्या भावाने, सोमनाथने, द्राक्षाचा मळा बघायचा आणि धाकट्याने शिकायचं, अशी घरातली वाटणी होती. त्याप्रमाणे तो शिकला, पुण्याला चार मुलाखती देऊन आला, आणि सातपूरच्या पोटमाळ्यावर स्थिरावला. बोलायला कंजूष, कामाला वाघ. त्याला कोणी कधी रागावलेला बघितला नव्हता, आणि खरं सांगायचं तर कोणी कधी खूश झालेलाही बघितला नव्हता.

दोन हजार सात साली त्यांना पहिलं मोठं काम मिळालं. एका ट्रस्टचं नर्सिंग स्कूल होतं, त्याचे प्रवेशाचे फॉर्म त्या वर्षीपासून इंटरनेटवर भरून घ्यायचे. मुलीने नाव, मार्क, पत्ता टाकायचा, फोटो चढवायचा, की पडद्यावर एक नंबर येणार. तो नंबर म्हणजे पावती.

वेबसाइट 'बनवली' असं आपण म्हणतो. खरं तर 'जोडली' म्हणायला पाहिजे. वाल्मीकच्या साइटमध्ये लहानमोठे सतरा तुकडे बाहेरचे होते, जगात कोणी कोणी बनवून फुकट ठेवलेले. फोटो चढवायचं काम करणारा तुकडा त्यातलाच एक. तो कोणी बनवला, कुठे बसून बनवला, वाल्मीकला ठाऊक नव्हतं. चालत होता, बस. फक्त त्याला मराठी नावांचं वावडं होतं, मराठी अक्षर दिसलं की नुसती प्रश्नचिन्हं छापायचा. म्हणून वाल्मीकने तो उघडला आणि पंधरा दिवस आतून कानस मारून मारून आपल्या मापाचा केला. दिनेशने पाठ थोपटली. पण त्यात एक गोम होती. मूळ कारागिराने उद्या तुकड्यात दुरुस्ती केली, तर ती सरळ आणून बसवता येणार नव्हती. सगळी कानस पुन्हा पहिल्यापासून मारावी लागली असती.

आणि नेमकी खंडेनवमीच्या सकाळी दुरुस्ती आली.

वाल्मीक आठलाच आला होता. पूजेआधी त्याने नेहमीप्रमाणे साइटवरच्या सगळ्या फॉर्मांची नक्कल सीडीवर काढून घेतली. शेवटचा फॉर्म अकराशे तीन नंबरचा. मग मेल उघडली. त्या परदेशी कारागिराचं पत्र होतं: जुन्या तुकड्यात भोक सापडलंय, फोटोच्या नावाखाली कोणीही काहीही आत घुसवू शकतं, नवा तुकडा आजच्या आज बसवा. वाल्मीकने मनात हिशेब केला. अर्धा दिवस लागेल.

तो जिना उतरून दिनेशकडे गेला. दिनेशने अण्णांकडे बघितलं. अण्णा ताम्हनात हळदकुंकू घेऊन पहिल्या लेथपाशी उभे.

"अण्णा, वरचं एक मशीन दुपारपर्यंत चालू ठेवायचं होतं," दिनेश म्हणाला.

अण्णांनी उजवा पंजा वर केला. तीन बोटं.

"अण्णा, पण वेबसाइट तर चालूच असते. ती बंद होत नाही."

"कुठं चालू असते?"

"अमेरिकेत. तिकडे भाड्याचं मशीन आहे."

"मग तिकडचे बघतील. त्यांना कुठं नवमी आहे?" अण्णा म्हणाले, आणि झेंडूचं फूल उचललं.

दिनेश हसला. वाल्मीकच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "अरे, दोन दिवसांत काय बिघडतंय? नर्सिंग स्कूलमध्ये चोर येऊन नेणार काय, सलाईनची बाटली? दसऱ्यानंतर बसून निवांत कर."

वाल्मीकही हसला. वर जाऊन आपल्या कीबोर्डवर त्याने स्वतःच्या हाताने कुंकवाचं बोट लावलं. खाली अण्णांनी स्विच पाडला. गंगापूर रोडला सायबर कॅफे उघडे होते, दहा रुपये तास. त्यांच्यासमोरून जाताना त्याच्या मनात आलंही होतं. पण घरी पुरण शिजत होतं आणि वहिनीने चारदा फोन केला होता. तो सायखेड्याच्या एस.टी.त बसला.

आता दुसरी बाजू ऐका. फॉर्म भरायची शेवटची तारीख दसरा. आणि दसरा म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला एक! दिनेशने हौसेने साइटच्या कपाळावर ओळच टाकली होती, 'विजयादशमीच्या शुभमुहूर्तावर अर्ज भरा.' मग काय विचारता. ज्यांचे कागद आठ दिवसांपूर्वीच तयार होते त्यांनीही मुलीच्या भल्यासाठी मुहूर्ताची वाट बघितली. इकडे मुहूर्त म्हणून हत्यारं खाली ठेवलेली, आणि तिकडे मुहूर्त म्हणूनच माणसं दारात गर्दी करून उभी.

एकादशीला सकाळी स्विच वर झाला आणि वाल्मीकने साइट उघडली तर काळं पान. मधे लाल अक्षरांत कसलीतरी परकी शिवी. कोणी माणूस आलाच नव्हता, एक प्रोग्राम जगभर दारं ढकलत फिरत होता आणि हे दार उघडं सापडलं होतं, एवढंच. त्याने आत शिरून सगळं पुसलं होतं. फॉर्म, फोटो, नंबर, सगळं.

त्याने दिनेशला सांगितलं. दिनेशने कपाळाला हात लावला, मग अण्णांना सांगितलं. अण्णांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बाहेरून आणलेलं बेअरिंग आपण गेज लावून तपासतो ना रे? तू हे तपासलं होतंस?" वाल्मीक म्हणाला, "नाही." अण्णा लेथकडे वळले. रागावले असते तर बरं झालं असतं.

नवमीची सीडी होती, ती चढवली. दुपारपर्यंत साइट उभी राहिली, अकराशे तीनपर्यंतचे फॉर्म परत आले. दिनेशचं डोकं तल्लख. त्याने वर पट्टी टाकली, 'तांत्रिक कारणास्तव मुदत दोन दिवस वाढवली आहे.' फॉर्म गेले असं कुठेच लिहिलं नाही. ज्यांच्याकडे छापील पावत्या होत्या ते चौकशीला आले. वाल्मीकने त्यांना गोड बोलून, पावतीवरून पुन्हा फॉर्म भरून, नवा नंबर दिला. मोठ्यात मोठा नंबर आला तो अकराशे चव्वेचाळीस. म्हणजे मधे एक्केचाळीस फॉर्म भरले गेले होते. आले चाळीस. वाल्मीकने कागदावर ओळीने आकडे लिहून एकेक खोडले. शेवटी एक उरला. अकराशे सदतीस.

"असतील कोणीतरी उगाच टिचक्या मारलेल्या," दिनेश म्हणाला. "सोड."

आणि हो, हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. सीडी चढवल्यावर साइटने नंबर कुठून द्यायला सुरुवात केली? अकराशे चारपासून. तिला कुठे ठाऊक की हे नंबर एकदा वाटून झालेत. वाढवलेल्या मुदतीत देवळाली कॅम्पच्या एका मुलीने फॉर्म भरला. तिचं नाव मोहिनी. साइटने तिला नंबर दिला, अकराशे सदतीस.

दिवाळीच्या आठ दिवस आधी वाल्मीक याद्या छापायला नर्सिंग स्कूलमध्ये गेला होता. तिथले हेडक्लार्क भिकनराव, माणूस खाष्ट पण सरळ. त्यांच्या टेबलासमोर एक जण उभा होता. पन्नाशीचा, काटकुळा, धुतलेला पांढरा सदरा, हातात टोपी.

"पेठच्या पुढून आलोय साहेब. आंबेपाडा. पुंजा गावित," तो सांगत होता. "मैनाचा फारम भरलाय दसऱ्याला. शेजारच्या पाड्यातल्या पोरीला मुलाखतीचं पत्र आलं. आमच्या मैनाला तिच्यापरीस जास्त मार्क हायेत, आन् पत्र नाय."

"पावती?"

"पेठच्या कॅफेवाल्याच्या मशिनीत शाई नव्हती. त्यानं नंबर सांगितला, मी लिवला." त्याने टोपीच्या घडीतून कागद काढला. वहीच्या पानाचा चतकोर तुकडा. "पोरीला ताप होता म्हणून मी एकलाच आल्तो. चौथी शिकलोय साहेब, आकडे येतात मला."

भिकनरावांनी कागद वाल्मीकपुढे सरकवला. "वाल्मीकभाऊ, बघा हो जरा."

वाल्मीकने कागद बघितला. निळ्या शाईचे चार आकडे, दाबून, सावकाश काढलेले. बघताक्षणी त्याला सगळं कळलं. वाईट वाटायला हवं होतं. पण काहीच झालं नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतो ना, मग ओठ आपलाच असून आपला वाटत नाही, तसं त्याला आतून व्हायला लागलं. त्याने नंबर टाकला. पडद्यावर नाव आलं.

"हा नंबर देवळाली कॅम्पच्या मुलीचा आहे," तो म्हणाला.

"बघा!" भिकनराव म्हणाले. "काय हो बाबा?"

"न्हाय साहेब. आमचाच हाय."

"उलटसुलट लिहिला असेल. वाल्मीकभाऊ, अकराशे त्र्याहत्तर टाका." वाल्मीकने टाकला. तो आडगावच्या मुलीचा निघाला. "गावित नावाचीच मुलगी बघा." ती कुठेच नव्हती. भिकनरावांचा पारा चढला. "फॉर्म भरायचा राहिला तर तसं सांगावं माणसानं. दुसऱ्या मुलीचा नंबर आणून आम्हाला गंडवता? ह्या वयात खोटं बोलता?"

पुंजाने टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली. "साहेब, पोरीच्या मामानं स्थळ आणलंय," तो म्हणाला. "मी त्याला म्हनलो, फारम लागला तर लगीन थांबल, पोरगी शिकल. नाय लागला तर अखितीला उरकून टाकू. आता मी तिला जाऊन काय सांगू?"

बोलायचं ते एकालाच ठाऊक होतं, आणि तो पडद्याकडे बघत होता. पुंजाने भिकनरावांना एक अर्ज लिहून दिला, पत्त्यासकट, तो त्यांनी फाइलीत लावला. जाताना पुंजाने वाल्मीकलाही रामराम केला. वाल्मीकने मान हलवली.

संध्याकाळी त्याने दिनेशला सांगितलं. दिनेश बराच वेळ पेन टिचकवत बसला. मग म्हणाला, "तू खोटं काही बोलला नाहीस ना? नंबर त्या मुलीचा आहे, आहेच. मग झालं." एका मोठ्या पतसंस्थेची साइट मिळायच्या बेतात होती. ह्यांची साइट फुटली होती, हे ह्या घडीला बाहेर गेलं असतं तर धंद्याचे बारा वाजले असते. ते दिनेशला सांगावं लागलं नाही.

फोटोचा नवा तुकडा वाल्मीकने एकादशीनंतर लगेच बसवला होता, दीड दिवस लागला होता. आता उरलेले सोळाही तपासले. दिवाळी आली, गेली. तो कामावर यायचा, डबा खायचा, घरी जायचा. झोप लागत होती. जेवण जात होतं. आपल्याला वाईट वाटत नाही, ह्याचंच त्याला कधीमधी नवल वाटायचं, पण तेही फार नाही.

चंपाषष्ठीला तो सायखेड्याला गेला. भरीत-रोडगे झाले, तळी भरली. दुपारी तो पडवीत टीव्हीपुढे लोळत होता तेव्हा ओट्यापाशी कोणीतरी आलं. "वहिनी, नाशिकचे जुने पेपर हायेत का?" वाल्मीकच्या उशाशीच गठ्ठा होता. त्याने टीव्हीवरची नजर न काढता एका हाताने तो पुढे केला. हिरवट डाग पडलेल्या दोन हातांनी तो घेतला.

"पेठकडची माणसं आहेत," वहिनी नंतर म्हणाली. "द्राक्षाचे घड औषधात बुडवायला लावलीयेत ह्यांनी. ती पोरगी बारावी झालीय म्हणे. सारखी वाचते."

"हं," वाल्मीक म्हणाला. दोन दिवस तो घरी होता, पण मळ्यात एकदाही फिरकला नाही.

सतरा डिसेंबरला भिकनरावांचा फोन आला, दुसऱ्याच कामाचा. बोलता बोलता ते म्हणाले, "एक मुलगी सोडून गेली हो, लग्न ठरलं तिचं. वेटिंग लिस्टपण संपली. वीस तारखेला पाचच्या आत कोणी हजर झालं नाही तर जागा फुकट जाणार."

वाल्मीकला आपलाच आवाज ऐकू आला. "भिकनराव, तो पेठचा माणूस आठवतो का?"

"तो खोटारडा?"

"तो खोटा नव्हता. नंबर आमच्याकडून दोनदा गेला."

मग भिकनराव म्हणाले, "अरे माणसा! मग त्या दिवशी तुझं तोंड शिवलं होतं का?" थोड्या वेळाने आवाज खाली आणून म्हणाले, "लेखी दे. मार्कांत ती बसतेच आहे. तुझं पत्र आणि वीसच्या आत मुलगी, तिच्या मूळ कागदांसकट. मी घेतो तिला. पाच म्हणजे पाच."

पत्र लिहायला दहा मिनिटं लागली. दिनेशने ते वाचलं आणि खुर्चीत मागे टेकला. "बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "द्यायलाच पाहिजे. फक्त एकोणीसला दुपारी पतसंस्थेची सही आहे. ती होऊ दे, संध्याकाळी पत्र दे. दोन दिवसांत काय बिघडतंय?"

आता तुम्ही म्हणाल, पत्र राहू दे खिशात, पण हा बाबा तेवढ्यात पेठला जाऊन मुलीला निरोप देऊन येऊ शकत होता की नाही? होता ना! एस.टी. होती, पाय होते, रजा शिल्लक होती. कोणी बांधून ठेवलं नव्हतं. पण नाही गेला. अठराला कॉम्प्युटरसमोर बसला, एकोणीसला कॉम्प्युटरसमोर बसला. नवमीला जसा बसून राहिला तसाच. बधिर माणसाला चिमटा काढून उपयोग नसतो, त्याला थोबाडीतच द्यावी लागते, आणि ती द्यायला तिथे कोणी नव्हतं.

एकोणीसला संध्याकाळी त्याने पत्र पोचवलं. वीसला सकाळची पेठची गाडी पकडली. फाट्यावर उतरून तासभर चालला. भात कापून झालेलं, खाचरं कोरडी. आंबेपाड्यात शेवटून तिसरं कुडाचं घर. दाराला कुलूप.

शेजारच्या अंगणात नवसाबाई नावाची म्हातारी नागली पाखडत होती. "ती कोणी नाय घरी," ती म्हणाली. "दीड महिना झाला. भात थोडं, संपलं. गेली गोदाकाठी."

"गोदाकाठी कुठं?"

"सायखेड्याकडं. द्राक्षाला."

वाल्मीक तसाच उभा राहिला. मग त्याने विचारलं, "मैनाचे शाळेचे कागद? तेही नेले का बरोबर?"

"कागदं कशाला नेतील कामावर? भिजतील. ती पेटीत हायेत, आत." तिने कुलपाकडे हात केला. वाल्मीकने कुलपाला हात लावून बघितला. साधंच होतं, एका दगडात तुटेल असं. म्हातारीने सूप खाली ठेवलं आणि शेजारचा कोयता हातात घेतला. "मालक नसताना दाराला हात नाय लावायचा," ती म्हणाली. त्याने हात काढला.

पेठला पोचेपर्यंत तीन वाजले. तिथे मोबाइलला रेंज आली. त्याने सोमनाथला फोन लावला.

"दादा, आपल्याकडे कोणी पुंजा गावित..."

"आपल्याच मळ्यात आहे की रे," सोमनाथ म्हणाला. "तो, बायको धोंडाबाई आणि मुलगी. तूच तर परवा पेपर दिलास तिला. काम चांगलंय माणसाचं. फक्त बापलेकीचं बोलणं नाही. ती म्हणते, तू नंबर चुकीचा लिहिलास, माझं वर्ष घालवलंस. कसला नंबर ते काय मला कळलं नाही बुवा."

मुलगी सायखेड्याला. किल्ली तिच्या बापाच्या कडदोऱ्याला. कागद मागे आंबेपाड्यात, कुलपाआड. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं. वाल्मीकने भिकनरावांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "मी सहा वाजेपर्यंत बसतो हवं तर. पण रजिस्टर पाचला वर जातं बाबा, ते माझ्या हातात नाही."

तो सायखेड्याला पोचला तेव्हा दिवस बुडत होता. मळ्याच्या कडेला, विहिरीजवळ, ताडपत्रीचं खोपट. धोंडाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. मुलगी बादलीत हात घासत होती, ते हिरवे डाग काही निघत नव्हते. ताडपत्रीच्या दोरीला पेपरांचा गठ्ठा नीट बांधून ठेवलेला. पुंजाने त्याला लगेच ओळखलं. उठून उभा राहिला, टोपी काढली.

"तुम्ही ते कॉम्प्युटरवाले."

"हो," वाल्मीक म्हणाला. "बसा तुम्ही." पण पुंजा बसला नाही. मग वाल्मीकने उभ्याउभ्याच सांगितलं, यादी वाचावी तसं. की दसऱ्याचा फॉर्म पोचला होता. की दुरुस्ती आली होती आणि मी दोन दिवस थांबलो. की साइट फुटली, फॉर्म पुसले गेले, आणि तोच नंबर पुढे दुसऱ्या मुलीला गेला. की त्या दिवशी टेबलापाशी मला हे ठाऊक होतं. की एक जागा निघाली होती, ती आज पाचला गेली, आणि तिथेही मी दोन दिवस थांबलो.

मैनाचे हात बादलीत थांबले. "ती दुसरी," तिने विचारलं, "तिला लागलं?"

"हो. लागलं."

तिने मान हलवली आणि पुन्हा हात घासायला लागली. धोंडाबाईने तव्यावरची भाकरी उलटली. शिव्या येतील, दगड येईल, असं वाल्मीकला वाटलं होतं. निदान रडणं तरी. तो वाट बघत राहिला. पुंजा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

"म्हंजी," पुंजा म्हणाला, "नंबर बरोबर होता?"

"बरोबर होता."

"अकराशे सदतीस?"

"अकराशे सदतीस."

पुंजाने टोपीच्या घडीतून तो चतकोर कागद काढला. अजून होता त्याच्याजवळ, घड्यांवर फाटत आलेला. तो त्याने उलगडला, वाल्मीकच्या हातात दिला, आणि त्याचा दंड धरून त्याला बादलीच्या बाजूला वळवलं.

"परत सांगा साहेब," तो म्हणाला. "मोठ्यानं सांगा. हिला ऐकू जाऊ द्या."

वाल्मीकने तोंड उघडलं. दोन महिन्यांचं सगळं एकदम दुखायला लागलं होतं. "तुझ्या वडलांनी," तो म्हणाला, "बरोबर लिहिला होता नंबर. एकही आकडा चुकला नव्हता त्यांचा. चुकलो मी."

मैना उठली. ओले हात तिने परकराला पुसले आणि तो कागद त्याच्या हातातून घेतला. चुलीच्या उजेडात धरून चारी आकडे बघितले. बराच वेळ बघितले. मग घडी घालून बापाच्या हातात परत दिला, तांब्या उचलला आणि बादलीत बुडवला.

"बा," ती म्हणाली, "ये, पाणी वतते. हात धू. भाकर झाली."

पुंजाने दोन्ही हात पुढे केले. वाल्मीक तिथेच उभा होता. त्याला कोणी बसही म्हणालं नाही आणि जाही म्हणालं नाही.